हँडल ते सेल्फ

धानोऱ्यात आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं, तेव्हा जिल्हा धुळे; नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली. वडील डिकम्प्रेशनची दांडी उचलून हँडल फिरवायचे, वेग आला की दांडी सोडायचे. "अंगठा बोटांसोबतच ठेव रे," असं मला बजावायचे. हँडल उलटं आलं तर हात मोडायचा. हीच भीती घालवायला अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेचा सेल्फ बनवला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसला आणि मोटारीचं हँडल हळूहळू गेलं.

आमची पिकअपही सेल्फचीच. ऐन मिरचीच्या हंगामात ती चालू करताना 'कर्रर्र' करायला लागली. नुसती 'टकटक' असती तर बॅटरी, टर्मिनल बघितलं असतं. मेकॅनिकनं सेल्फ बदलला. पैसे गेले, आवाज राहिला. एका पहाटे मिरची भरलेली गाडी दारातच अडली. नंदुरबारचा बाजार चुकणार!

मग विहिरीवरचं इंजिन आठवलं. बंद होताना ते बहुतेक वेळा दाबापाशीच, ठरावीक जागी थांबायचं. पिकअपचंही तसंच असेल, तर सेल्फ फ्लायव्हीलच्या रिंगचे तेच ते दात खात असणार. चावी बंद ठेवून वरचा गिअर टाकला, दोघांनी गाडी थोडी सरकवली. न्यूट्रल करून सेल्फ मारला. आवाज नाही, गाडी चालू!

माल विकून आल्यावर गिअरबॉक्स उतरवला. रिंगचे दात समोरासमोर दोन जागी झिजले होते. नवी रिंग तापवून बसवली.

आता कुणाची गाडी 'कर्रर्र' करते म्हटलं, की सेल्फ बदलण्याआधी मी ती थोडी सरकवून बघायला सांगतो.