नाणेसंग्रहाची घरगुती साठवण

नाणेसंग्रहाची घरगुती साठवण म्हणजे खाजगी संग्रहातील नाणी राहत्या घरात सुरक्षित ठेवणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि त्यांची लेखी नोंद राखणे होय. नाण्याचे संग्रहमूल्य बहुतांशी त्याच्या मूळ पृष्ठभागावर आणि ज्ञात इतिहासावर अवलंबून असते. या दोन्ही गोष्टी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा मिळवता येत नाहीत. दमट हवा व लहान घरे यांमुळे गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांसारख्या मुंबईतील जुन्या वस्त्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मुंबईत नाणी पाडण्याची व अभ्यासण्याची जुनी परंपरा आहे. फोर्ट भागातील टांकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कार्यरत आहे. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या संस्थांकडे नाण्यांचे संग्रह आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये फोर्ट येथे चलनविषयक संग्रहालय सुरू केले. अनेक मराठी घरांत मात्र संग्रहाची सुरुवात देवघरातील चांदीच्या रुपयापासून किंवा आजी-आजोबांच्या बटव्यातील आणे-पैशांपासून होते.

हानीची कारणे

समुद्रालगतच्या हवेत क्षारांचे सूक्ष्म कण असतात आणि पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. क्षार व ओलावा एकत्र आल्यास तांबे व कांसे यांच्या नाण्यांवर फिकट हिरव्या, भुकटीसारख्या डागांचा क्षय सुरू होतो. तो पसरत जातो, म्हणून असे नाणे तत्काळ वेगळे ठेवावे लागते. याउलट तांब्याच्या जुन्या नाण्यावरील एकसंध, गडद तपकिरी थर स्थिर व संरक्षक असतो. तो काढू नये.

चांदी गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडते. रबरबँड, लोकरी कापड आणि काही प्रकारचे पुठ्ठे यांतून असे वायू बाहेर पडतात. वर्तमानपत्राच्या कागदातील आम्लही धातूला अपायकारक असते. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत दीर्घकाळ ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर जमतो. कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते. त्यामुळे त्या संग्रहाजवळ ठेवू नयेत.

स्वच्छता आणि पूजेतील नाणी

घरगुती संग्रहाची सर्वाधिक हानी पुष्कळदा नाणी उजळवण्याच्या प्रयत्नातून होते. लक्ष्मीपूजनासाठी नाणी चिंच, लिंबू-मीठ, रांगोळी किंवा भांडी घासण्याची पावडर यांनी घासण्याची पद्धत आहे. चिंच व लिंबू यांतील आम्ल धातूचा वरचा थर विरघळवते, रांगोळीचे कण सूक्ष्म ओरखडे पाडतात आणि मिठाचा अंश नाण्यावर राहून पुढील क्षयास कारण होतो. घासलेले नाणे चकचकीत दिसते; मात्र त्यावरील अक्षरे व नक्षी झिजते आणि संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मूल्य घटते.

पूजेची परंपरा आणि जतन यांचा मेळ घालण्यासाठी पूजेकरिता एक-दोन सामान्य नाणी कायमची वेगळी काढणे हा व्यवहार्य मार्ग मानला जातो. उर्वरित नाण्यांना हळद-कुंकू व पंचामृत यांचा स्पर्श होऊ देऊ नये. नाणे हाताळताना कोरड्या, स्वच्छ हातांनी कडेला धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे.

साठवणीची साधने

एकेका नाण्यासाठी मायलारची खिडकी असलेली चौकोनी पुठ्ठ्याची पाकिटे, पीव्हीसीविरहित अल्बम किंवा कठीण प्लॅस्टिकच्या गोल डब्या वापरल्या जातात. पाकिटाला टाचणी मारल्यास तिची टोके चपटी करावीत, अन्यथा शेजारच्या नाण्यावर चरे पडतात. ही पाकिटे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात. रंग बदलणारे सिलिका जेल ओलावा शोषल्याचे दर्शवते. ते सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येते.

चाळीतील खोलीत जागेची निवड काळजीपूर्वक करावी लागते. बीडीडी चाळींतील मूळ खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या आहेत. अशा घरात मोरी, स्वयंपाकाची जागा आणि ओल येणारी बाहेरची भिंत यांपासून दूर असलेले पोलादी कपाट योग्य ठरते. पत्र्याखालील पोटमाळा उन्हाळ्यात फार तापतो. हिंदमातासारख्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा टाळावा.

वर्गीकरण

भारतीय नाण्यांची मांडणी सामान्यतः राज्यकर्ते, काळ, मूल्य, धातू व टांकसाळ या क्रमाने केली जाते. मराठी घरांत आढळणाऱ्या नाण्यांचे पुढील गट पाडता येतात:

* मराठेशाही: तांब्याची शिवराई. हिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’ अशी अक्षरे असतात.
* ब्रिटिश काळ: १८३५ पासून एकसारखी नाणी. त्या वेळी १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै. चांदीच्या प्रमाणित रुपयाचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम होते. १९४० पासून त्यातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया निकेलचा असल्याने लोहचुंबकाला चिकटतो.
* दशमान पद्धत: १ एप्रिल १९५७ पासून १ रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ‘नवा’ हा शब्द १९६४ मध्ये वगळण्यात आला. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली.

प्रजासत्ताक काळातील नाण्यांवर वर्षाखालील चिन्हावरून टांकसाळ ओळखता येते. मुंबईचे चिन्ह हिऱ्याच्या आकाराचे, हैदराबादचे बहुधा तारा आणि नोएडाचे ठिपका असते; कोलकात्याच्या नाण्यांवर चिन्ह नसते.

नोंदवही

प्रत्येक नाण्याला क्रमांक देऊन वर्ष, मूल्य, धातू, वजन, व्यास, टांकसाळ, मिळाल्याची तारीख आणि ते कोणाकडून आले ही माहिती नोंदवतात. क्रमांक पाकिटावर लिहावा, नाण्यावर नव्हे. नोंदवहीची एक प्रत व छायाचित्रे संग्रहापासून वेगळी ठेवल्यास चोरी किंवा आगीच्या प्रसंगी उपयोग होतो.

जुन्या चाळींच्या पुनर्विकासामुळे कुटुंबांना संक्रमण शिबिरात व नंतर नव्या घरात जावे लागते. अशा स्थलांतरात नाणी टिकली तरी त्यांची हकीकत हरवण्याचा संभव असतो. गिरणीच्या पगारातून बाजूला काढलेला रुपया आणि बाजारात विकत घेतलेला रुपया दिसायला सारखेच असतात. त्यांतील फरक केवळ नोंदीमुळे कळतो.

कायदेशीर बाबी

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षे वा त्याहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. चलनातील नाणी वितळवण्यास २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे.

हे सुद्धा पहा

नाणेशास्त्र, शिवराई, मुंबई टांकसाळ, भारतीय रुपया