ऐकून घेण्याची विद्या : नागपाड्यापासून यवतमाळपर्यंत

मनुष्याचें दुःख हलकें करण्याचे जे उपाय आपल्या समाजास पूर्वापार ठाऊक आहेत, त्यांत तें दुःख कोणीतरी शांतपणें ऐकून घेणें हा एक मोठा उपाय होय. पूर्वीं हें काम घरांतली आजी करी, शाळेंतले एखादे गुरुजी करीत, पंढरीच्या वाटेवरचा सोबती करी. त्यासाठीं कोणास पदवी लागत नसे. आज त्याच कामास ‘समुपदेशन’ असें भारदस्त नांव मिळालें असून तें न्यायालयाच्या आज्ञेचा विषय झालें आहे. ता. २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणांत निकाल देतांना, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें निदान एक शिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असें सांगितलें. या तीन नांवांपैकीं शेवटचें नांव आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. मानसशास्त्रज्ञ यवतमाळसारख्या जिल्ह्यांत सहज मिळत नाहीं. सामाजिक कार्यकर्ता मात्र याच मातींत तयार होऊं शकतो. तो तयार कसा करावा, हा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं आपल्या प्रांतांत असे कार्यकर्ते आजवर कसे घडत आले हें पाहणें उपयोगाचें होईल.

या कथेचा आरंभ आम्ही इ. स. १८६३ पासून करतों. त्या वर्षीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें. संकटांत सांपडलेल्या विधवेनें तेथें गुप्तपणें यावें, सुखरूप बाळंत व्हावें, आणि तिला नांवगांव विचारून कोणी लाजवूं नये, अशी ती व्यवस्था होती. आजच्या समुपदेशनशास्त्राचीं पुस्तकें ‘गोपनीयता’ व ‘दोषारोप न करणें’ हीं दोन तत्त्वें पहिल्याच प्रकरणांत सांगतात. तीं तत्त्वें फुले दांपत्यानें कोणत्याही पुस्तकाच्या आधारावांचून आचरणांत आणलीं होतीं. उणीव होती ती एवढीच, कीं ही विद्या त्या दोघांच्या अंतःकरणांत होती. ती दुसऱ्यास शिकविण्याची शाळा नव्हती.

समाजसेवा ही शिकून करावयाची गोष्ट आहे, तिला उमेदवारी लागते, हा विचार महाराष्ट्रांत ठामपणें मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं. त्यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यास भारतसेवक समाज स्थापन केला आणि त्यांत येणाऱ्या प्रत्येक सभासदास पांच वर्षांचें शिक्षण लावून दिलें. योगायोग असा, कीं त्याच १९०५ सालीं वऱ्हाडांतल्या ‘वणी’ जिल्ह्यास ‘यवतमाळ’ हें नांव मिळालें. भारतसेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनीं पुढें १९११ मध्यें मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगांवांतील कामकऱ्यांपर्यंत ही सेवा नेली. तथापि गोखल्यांची उमेदवारी मुख्यतः राजकारण, अर्थकारण व लोकशिक्षण यांची होती. एका माणसाजवळ बसून त्याच्या एकट्याची गोष्ट कशी ऐकावी, हें तिच्यांत नव्हतें.

तें शास्त्र तोंवर समुद्रापलीकडे आकार घेत होतें. न्यूयॉर्क येथें १८९८ मध्यें धर्मादाय काम करणाऱ्यांसाठीं उन्हाळी वर्ग निघाले. मेरी रिचमंड या बाईंनीं १९१७ मध्यें ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून, गरजू कुटुंबाची चौकशी कशी करावी, कोणकोणास भेटावें, मिळालेली माहिती कशी तोलावी याची पद्धत बसविली. ही पद्धत आपल्याकडे आणण्याचें श्रेय क्लिफर्ड मॅन्शार्ड या अमेरिकन मिशनऱ्यास आहे. ते १९२५ मध्यें मुंबईस आले व नागपाड्याच्या दाट वस्तींत त्यांनीं ‘नेबरहुड हाउस’ चालविलें. दया पुष्कळ आहे पण शिकलेला हात नाहीं, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. त्यांच्या योजनेस सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीचा आधार मिळाला आणि १९३६ मध्यें त्याच नागपाड्यांत समाजकार्याची पदवीधरांसाठींची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडींत अवघे २० विद्यार्थी होते. दुसऱ्याच वर्षीं, १९३७ मध्यें, शाळेनें बालमार्गदर्शन चिकित्सालय काढलें. मुलगा खोड्या करतो, पळून जातो, अभ्यास करीत नाहीं, तर त्याला मारण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन पाहावें, हा विचार तेथें पद्धतशीर रीतीनें शिकविला जाऊं लागला. महाविद्यालयांतील आजच्या समुपदेशनकक्षाचे मूळपुरुष शोधावयाचे झाल्यास ते आम्हांस या चिकित्सालयांत दिसतात. १९४४ मध्यें त्या शाळेस टाटा समाजविज्ञानसंस्था हें नांव मिळालें, व १९६४ मध्यें तिला विद्यापीठाचा दर्जा लाभला.

या शाळेचे उपकार मोठे आहेत. पण तिचें एक वैगुण्यही सांगितलें पाहिजे. तिची भाषा इंग्रजी, तिचे ग्रंथ परदेशी, आणि तिचीं उदाहरणें शहरांतलीं होतीं. कापसाच्या पेऱ्यावर ज्याचें लग्न, शिक्षण आणि औषधपाणी अवलंबून आहे असा माणूस त्या ग्रंथांत नव्हता. ही विद्या विदर्भांत यावयास वेळ लागला. कमलाताई होस्पेट यांनीं १९२१ मध्यें नागपुरास स्थापिलेल्या मातृसेवा संघानें १९५८ मध्यें समाजकार्याच्या शिक्षणाची संस्था काढली. १९८३ मध्यें अमरावतीस विद्यापीठ झालें, आणि पुढें त्यास संत गाडगेबाबांचें नांव दिलें गेलें. ज्या महापुरुषानें शाळेचें तोंड क्वचितच पाहिलें व हातांत खराटा घेऊन गांवोगांव लोकांस प्रश्न विचारीत शहाणें केलें, त्याच्या नांवाचें विद्यापीठ आज समाजकार्याच्या पदव्या देतें, हें मोठें बोधप्रद आहे. यवतमाळांतील सावित्री जोतीराव समाजकार्य महाविद्यालय याच विद्यापीठाशीं जोडलेलें आहे. १८६३ चें पुणें व आजचें यवतमाळ यांचा सांधा असा नांवानें तरी जुळला आहे. तो कामानें जुळावा, एवढीच आमची इच्छा आहे.

कारण या जिल्ह्याचें दुःख लहान नाहीं. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाण गांवच्या एका शेतकऱ्यानें १९ मार्च १९८६ रोजीं सहकुटुंब जीवनाचा अंत केला. महाराष्ट्र त्या दिवसाची आठवण आजही उपोषणानें करतो. त्यानंतर या जिल्ह्याचें नांव वर्तमानपत्रांत कोणत्या संदर्भांत येत राहिलें, हें वाचकांस सांगावयास नको. त्या घरांतलीं मुलें आमच्या वर्गांत बसतात. त्यांत वऱ्हाडी बोलणारीं आहेत, घरीं गोरमाटी बोलणारीं बंजारा मुलें आहेत, झरी-जामणीकडून आलेलीं कोलाम मुलें आहेत. प्राध्यापकाच्या शुद्ध मराठींत त्यांना आपलें दुःख सांगतां येत नाहीं, आणि त्यांच्या भाषेंत तें ऐकण्यास प्राध्यापक शिकलेला नसतो.

येथें आमच्याच एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. सन २०१७ च्या खरिपांत या जिल्ह्यांत कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं, आणि पुढें बोंडअळीनें कापूस खाल्ला. त्या दिवाळीनंतर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतला एक मुलगा, जो नेहमीं पहिल्या बांकावर बसे, येईनासा झाला. आम्ही त्याचें नांव गैरहजरांच्या यादींत लिहिलें, दोन वेळां पत्र पाठविलें, आणि नियमाप्रमाणें परीक्षेस बसूं न देण्याच्या कागदावर सही केली. समाजकार्य शिकणारी एक मुलगी तेव्हां क्षेत्रकार्यासाठीं त्या बाजूच्या खेड्यांत जात असे. ती त्याच्या घरीं सहज जाऊन बसली. तिनें त्यास “कॉलेजांत कां येत नाहींस?” असें विचारलेंच नाहीं, त्याच्या आईबरोबर ती वेचलेला कापूस निवडीत बसली. तासाभरानें कळलें, कीं बाप फवारणीनंतर रुग्णालयांत पडून होता आणि मुलगा दुसऱ्याच्या शेतावर रोजानें जात होता. आमच्या पत्रांपैकीं एकही त्यानें उघडलें नव्हतें, कारण त्यांत फीची मागणी असेल अशी त्यास भीति होती. त्या मुलीनें रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षकांस गांठलें, शिष्यवृत्तीचा अडलेला अर्ज पुढें सरकविला, व शेवटीं आमच्यापुढें येऊन उभी राहिली. आम्ही सही मागें घेतली. मुलगा परीक्षेस बसला. परंतु ती मुलगी त्या दिवशीं त्या घरीं गेली नसती तर काय झालें असतें, हा विचार आजही मनांतून जात नाहीं.

त्या मुलीस हें कोणी शिकविलें? समाजकार्याच्या शिक्षणांत वर्गांतील व्याख्यानांइतकेंच क्षेत्रकार्यास महत्त्व आहे. विद्यार्थ्यानें आठवड्यांतील ठराविक दिवस एखाद्या वस्तींत वा संस्थेंत काढावे, काय पाहिलें, काय ऐकलें, आपण काय बोललों तें लिहून आणावें, आणि मार्गदर्शक शिक्षकानें त्या लेखावर त्याच्याशीं एकट्यानें चर्चा करावी, अशी ही पद्धत आहे. “येथें तूं उपदेश कां केलास? येथें गप्प कां बसला नाहींस?” असे प्रश्न त्या चर्चेंत निघतात. समुपदेशक घडतो तो या चर्चेंतच. दुर्दैवानें जेथें विद्यार्थी फार व शिक्षक थोडे, तेथें प्रथम हीच चर्चा उरकली जाते. वह्या भरतात, सह्या होतात, आणि हातीं पदवी येते.

कोणी म्हणेल, कीं कर्ज व पडलेला भाव यांवर गोड बोलणें हा उपाय नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. कापसास भाव देणें हें समुपदेशकाचें काम नव्हे, आणि समुपदेशनाच्या आडोशानें सरकारनें आपलें कर्तव्य टाळूं नये. पण शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाचा जो प्रयोग झाला, त्याचे २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेले आंकडे विचार करावयास लावणारे आहेत. गांवांतल्याच कार्यकर्त्यांस शिकवून त्यांच्याकडून घरोघर ऐकण्याचें काम करविल्यावर अठरा महिन्यांत, मनाच्या उदासीनतेचा विकार जडलेल्यांपैकीं मदत मिळविणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४.३ वरून २७.२ वर गेलें. आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार मनांत येणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५.२ वरून २.५ वर उतरलें. भाव न वाढतांही हें घडलें. विपत्ति तीच असते. परंतु एकट्यानें सोसलेली विपत्ति व दुसऱ्यास सांगितलेली विपत्ति यांत जीवन-मरणाचें अंतर असूं शकतें.

यास्तव न्यायालयाच्या आज्ञेची पूर्तता कशी होते, याकडे पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे. दारावर पाटी लावून व एका अध्यापकास जादा काम देऊन आज्ञा कागदावर पाळतां येते. खरी पूर्तता व्हावयाची तर त्या खोलींत बसणाऱ्यास तीन गोष्टी आल्या पाहिजेत : मुलाच्या बोलींत ऐकणें, त्याच्या घरचा उंबरठा ओलांडणें, आणि आपल्या आवांक्याबाहेरचा विकार ओळखून त्यास वेळेवर डॉक्टरांकडे पोंचविणें. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी कोणत्याही इंग्रजी ग्रंथांत सांपडणार नाहींत. त्या यवतमाळच्या खेड्यांतच शिकाव्या लागतील. फुल्यांनीं दार उघडलें, गोखल्यांनीं उमेदवारी लावली, नागपाड्यानें पद्धत दिली. आतां उरलें आहे तें आमच्याकडे : पहिल्या बांकावरची एखादी जागा रिकामी दिसली, कीं हजेरीच्या वहींत खूण करण्यापूर्वीं त्या मुलाच्या घरीं कोणी गेलें आहे कीं नाहीं, एवढें विचारणें.