गिअर कोणी शिकवला?

१ जानेवारी २०२५ ला एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा गर्देवाड्याला एसटी लागली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस स्वतः त्या बसमध्ये बसले. फोटो राज्यभर फिरले. आपणही ते शेअर केले, अभिमानाने केले. पण त्या दिवशी स्टिअरिंगवर कोण बसलं होतं, तो गाडी कुठे शिकला, हे आपल्यापैकी कोणी विचारलं नाही.

आपल्या जिल्ह्यांचा इतिहास लिहिताना रस्ते येतात, पूल येतात, कोणत्या आमदाराने काय मंजूर करून आणलं ते येतं. रस्ता झाला की गाडी आपोआप चालत नाही राजेहो. तिला चालवणारा लागतो. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत गाडी चालवायला शिकणं ही गोष्ट कधीच सोपी नव्हती. तेव्हा आज थोडं त्याच इतिहासाबद्दल.

आधी गिअर म्हणजे काय ते दोन वाक्यांत. इंजिन जागेवरून एकदम ओझं ओढू शकत नाही. त्याला आधी फिरावं लागतं, मग क्लचच्या घर्षणातून हळूहळू ती ताकद चाकाला द्यावी लागते. पहिल्या गिअरमध्ये ओढ जास्त, वेग कमी. वरच्या गिअरमध्ये वेग जास्त, ओढ कमी. नवशिक्या क्लच झटक्यात सोडतो, गाडी हिसका देते आणि बंद पडते. डाव्या पायाला अर्धा क्लच कळला की अर्धी गाडी आली.

ही रचना जुनी आहे. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर कंपनीच्या गाड्यांत सरकणाऱ्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स आला. वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दोन चाकं एकमेकांत अडकवायची म्हणजे दात खरखरणारच. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. तो दोन चाकांचे वेग आधी जुळवून घेतो आणि मग गिअर पडू देतो. आज आपण कारमध्ये न विचार करता गिअर टाकतो तो या सिंक्रोमेशच्या जोरावर. ट्रकमध्ये मात्र ही सोय यायला बराच काळ गेला. तोवर ते काम ड्रायव्हरच्या पायाने आणि कानाने करायचं. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग खालचा गिअर टाका. यालाच डबल क्लच म्हणतात. जुने ड्रायव्हर अजूनही गरज नसताना सवयीने डबल क्लच मारतात, बघा कधी.

आता आपल्याकडे येऊ. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतो. आपला चांदा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, पुढे मध्य प्रदेशात. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि आज जे एसटी महामंडळ आहे ते १९६१ मध्ये उभं राहिलं. चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ ला. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख, बहुतेक जंगल, आणि वडसा हे एक रेल्वे स्टेशन आलं. बाकी सगळं चाकावर. पावसाळ्यात तेही नाही.

म्हणजे रानात गाडी आधी पोहोचली ती प्रवाशांसाठी नाही, मालासाठी. आलापल्लीचं सागवान, बल्लारपूरच्या पेपर मिलचा बांबू, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि इकडे चंद्रपूर पट्ट्यात कोळसा. १९५४ पासून जमशेदपुरात टाटांच्या टेल्कोने मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि पुढे देशभर मालवाहतूक म्हणजे टाटाचा ट्रक हे समीकरण झालं. साहेब लोकांसाठी जीप होती. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारासच विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. वन, महसूल, पोलीस या खात्यांच्या जीपच्या मागे धूळ उडवत पळणं हा रानातल्या कित्येक पोरांचा गाडीशी पहिला परिचय.

या गाड्या शिकायच्या कुठे? ड्रायव्हिंग स्कूल ही शहराची चैन. आपली शाळा म्हणजे क्लीनरची सीट. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं एखाद्या वस्तादाच्या ट्रकवर चढायचं. पहिलं वर्ष गाडी धुणं, चाकाला दगड लावणं, स्टेपनी काढणं, मागे उभं राहून "आने दो, आने दो" ओरडणं, वस्तादासाठी भाकरी थापणं आणि शिव्या खाणं. पगार नावापुरता. दुसऱ्या वर्षी गाडी डेपोत मागेपुढे करायला मिळायची. मग कधीतरी रात्री, रिकामी गाडी, मुरमाचा सरळ रस्ता, आणि वस्ताद म्हणायचा, "घे."

या शाळेचा अभ्यासक्रम कुठे छापलेला नव्हता, पण पक्का होता. चढ दिसला की तो सुरू होण्याआधी गिअर पाड, मध्यावर नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलंस तर ब्रेक तापून जातील आणि मग देवही धरणार नाही. रपट्यावर घोटाभर पाणी असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाक, रेस एकसारखी ठेव, मध्ये क्लचला पाय लावू नको. नाहीतर सायलेन्सरमधून पाणी आत शिरतं. आणि पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी उभी कर, रात्र झाली तरी उभीच ठेव. दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा या शेवटच्या धड्याची किंमत कळते.

पण या शाळेचं फार कौतुकही करायला नको. ती बेकायदा होती. १९३९ चा मोटार वाहन कायदा असो की १ जुलै १९८९ पासून लागू झालेला १९८८ चा, लायसन्सशिवाय स्टिअरिंग हातात घेता येत नाही. प्रवासी किंवा माल वाहायचा परवाना वीस वर्षांच्या आत मिळत नाही, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर हाती असावं लागतं. क्लीनर पोराकडे यातलं काहीच नसायचं. अपघात झाला तर तो कागदावर गाडीत नव्हताच. आणि दुसरं, या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. रात्री-बेरात्री परक्या माणसासोबत ट्रकवर कोण पाठवणार? त्यामुळे गाडी चालवणं हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पुरुषाचं काम ठरलं. हाताला ताकद लागते म्हणून नव्हे. शिकायची एकच जागा होती आणि तिथे बाईला बसता येत नव्हतं, म्हणून.

तिसरी अडचण सरकारी. व्यावसायिक लायसन्ससाठी आठवी पासची अट होती. दिसायला किरकोळ. पण जिथे शाळा चौथीला संपायची आणि पुढची शाळा नदीपलीकडे, तिथे ही अट म्हणजे दारावर कुलूप. ज्याला दहा वर्षं गाडीचा आवाज कळतो त्याच्याकडे दाखला नाही, आणि ज्याच्याकडे दाखला आहे त्याने गाडीला हात लावलेला नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ही अट काढली. हरियाणातल्या मेवात भागातून मागणी झाली होती, तिथेही असाच प्रकार. आपल्याकडून किती जणांनी ही मागणी लावून धरली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हरकत नाही.

मग जीपगाड्या आल्या. कमांडर, ट्रॅक्स, पुढे सुमो. काळीपिवळी हीच आपल्या दक्षिण भागाची खरी एसटी. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन् महिने चालला तेव्हा दवाखाना, परीक्षा, बाजार, सगळं काळीपिवळीवर निभलं. आणि याच काळीपिवळीने ते जुनं कुलूप एका जागी तोडलं. सिरोंचा तालुक्यातल्या रेगुंठ्याची किरण कुर्मावार. वडील आजारी पडले, घरची टॅक्सी उभी राहिली, तर अर्थशास्त्रात एम.ए. झालेली ही मुलगी रेगुंठा–सिरोंचा मार्गावर स्वतः गाडी चालवू लागली. २०२३ मध्ये तिला इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि राज्य सरकारने मदत केली, तेव्हा सगळ्या पेपरांनी ते छापलं. छापायलाच पाहिजे. पण यातली एक गोष्ट बघा. ती शिकू शकली कारण गाडी घरची होती. जिच्या घरी गाडी नाही तिचं काय?

याचं उत्तर एसटीने एकदा देऊन पाहिलं. २०१९ मध्ये महामंडळाने महिला चालकांची योजना आणली, त्यात शेजारच्या यवतमाळच्या आदिवासी मुलींना बस चालवायचं प्रशिक्षण द्यायला घेतलं. मध्ये कोरोना आला, संप आला. एसटीच्या स्टिअरिंगवर महिला प्रत्यक्ष दिसायला २०२३ उजाडलं. उशीर झाला, पण एक गोष्ट सिद्ध झाली. घरी गाडी नसलेल्या, रानातल्या मुलीला नीट शिकवलं तर ती पन्नास माणसं भरलेली बस चालवू शकते. शिकवणारा पाहिजे आणि शिकवताना पोटाला पैसे पाहिजेत.

आता कोणी म्हणेल, गिअरचे दिवस संपले, हे पुराण कशाला? खरं आहे थोडं. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ क्लच पेडलशिवाय आली आणि स्वस्त गाडीतही गिअर आपोआप पडू लागला. १ जून २०२२ ला एसटीची विजेवरची शिवाई त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, जिथे ७४ वर्षांपूर्वी पहिली बस धावली होती. तिला क्लचही नाही. पण शहरात जी गाडी आज जुनी होते ती आपल्याकडे पुढची वीस वर्षं चालते. ट्रॅक्टर, पिकअप, टिप्पर, गावची काळीपिवळी, हे सगळं गिअरवर आहे आणि राहणार आहे. शिवाय आपल्या कायद्यात एक गंमत आहे. दुचाकीला विनागिअर आणि गिअर असे दोन वेगळे प्रकार आहेत; कारला नाहीत. इंग्लंडात ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. आपल्याकडे क्लचला पाय न लावता पास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी गिअरची गाडी घेऊन रपट्यावर उतरू शकतो, कायद्याने. वस्तादाची शाळा बंद पडत चालली आहे, ते बरंच आहे. पण तिच्या जागी काय?

कागदावर उत्तर आहे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा नियम लागू आहे. हलक्या वाहनासाठी २९ तासांचं प्रशिक्षण, जड वाहनासाठी ३८ तासांचं, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक, आणि तिथे पास झालं तर आरटीओची चाचणी माफ. चांगला नियम आहे. पण एक-दोन एकर जागा आणि एवढं भांडवल घालून सिरोंचाला किंवा भामरागडला कोणता खाजगी माणूस केंद्र काढेल? सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. लायसन्सच्या एका खेपेत दोन दिवसांची मजुरी जाते. अशाने पोरगा कंटाळतो आणि विनालायसन्स चालवतो. मग आपणच म्हणतो, आदिवासी पोरं नियम पाळत नाहीत.

तिकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने दिवसरात्र धावतात. रस्ता आमचा, धूळ आमची, अपघाताची भीती आमची. मग स्टिअरिंगवरचा पगारही आमच्या गावात यायला नको का? खाणीच्या रोजगाराचे आकडे जेव्हा जेव्हा सांगितले जातात, तेव्हा त्यात चालक किती आणि ते कोणत्या तालुक्याचे, हे वेगळं सांगा अशी मागणी ग्रामसभांनी करावी.

मागण्या मोठ्या नाहीत. अहेरी, भामरागड, सिरोंचा, धानोरा, आणि इकडे जिवती, अशा ठिकाणी आयटीआय किंवा एसटी आगाराच्या आवारात सरकारी चालक प्रशिक्षण सुरू करा. खनिज निधी आहे, आदिवासी विकासाचा पैसा आहे. निम्म्या जागा मुलींना द्या. शिकवायला निवृत्त एसटी चालकांना घ्या. लाख लाख किलोमीटर विनाअपघात चालवलेली माणसं घरी बसून आहेत. शिकणं गिअरच्या गाडीवरच ठेवा, कारण ज्याला गिअर येतो त्याला बिनगिअरची गाडी तासाभरात येते, उलटं होत नाही.

गर्देवाड्याला बस गेली, आनंद आहे. आता गर्देवाड्याचा कोणी ती बस घेऊन अहेरीला आला पाहिजे. रस्त्याला सत्याहत्तर वर्षं लागली. याला इतकी लागू नयेत, एवढंच.

तुमच्या गावात पहिली गाडी कोणाची आली आणि गावातला पहिला ड्रायव्हर कोणाकडे शिकला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. हा इतिहास अजून कागदावर आलेला नाही, आणि तो माहीत असलेली माणसं कमी होत चालली आहेत.