गव्हाणीतलं बाळ आणि आपला कान्होबा

लांजीच्या किल्ल्यावर आणि कोटेश्वरावर आपल्या मंडळात पुष्कळ बोलून झालं. या खेपेला विषय थोडा दूरचा आहे: वसईचे नाताळचे गोठे. दूरचा असला तरी तो फिरून आपल्याच अंगणात येतो, म्हणून लिहितो.

नाताळच्या दिवसांत मी वसईतल्या पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल या गावांतून फिरलो. चर्चपुढे, वाडीत, घराच्या ओट्यावर ख्रिस्तजन्माचे देखावे मांडलेले असतात. आपण गणपती पाहत हिंडतो, तशी तिथली माणसं गोठे पाहत हिंडतात. मध्ये गव्हाणीत बाळ, बाजूला मरिया आणि योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव. पण भोवती सारी वसईच. भाताच्या पेंढ्याचं छप्पर, विहीर, केळीची बाग, बैलगाडी. बेथलेहेमला केळी कुठून येणार, असं तिथं कोणी विचारत नाही.

या प्रथेची सुरुवात इटलीतल्या ग्रेचो गावात सांगतात. 1223 च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने तिथं गवत भरलेली गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं आणि तिथंच मिस्सा झाली. गंमत अशी की बायबलमधल्या जन्मकथेत बैल आणि गाढव नाहीतच. लूकच्या शुभवर्तमानात फक्त गव्हाण आहे. जनावरं आली ती यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून. पुढे भूमध्य समुद्राच्या काठी ही कला फार वाढली. अठराव्या शतकातल्या नेपल्सच्या कारागिरांनी येशूजन्माभोवती आपल्या शहराचा अख्खा बाजार उभा केला. सिसिली बेटावरचं काल्ताजिरोने गाव मातीच्या बाहुल्यांसाठी नावाजलं. म्हणजे आपलं गाव देवाच्या जन्माभोवती मांडायचं, ही रीत वसईकरांनी एकट्यांनी काढलेली नव्हे.

वसई 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि फ्रान्सिसचेच अनुयायी असलेले फ्रान्सिस्कन साधू तिथं आले. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया याच संघात गेला, 1597 मध्ये जपानात नागासाकीला मारला गेला आणि 1862 मध्ये संत ठरला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाड्यांत राहिले. ते आजही घरात सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलतात. तिकडे गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. म्हणजे बेथलेहेमची कथा मराठीत येऊन चारशे वर्षं उलटली. तिला परकी म्हणताना एवढं तरी ध्यानात ठेवलं पाहिजे.

आता आपल्याकडे या. जन्माष्टमीला आपण कुंभाराकडून मातीचा कान्होबा आणतो, पाटावर बसवतो, वर फुलोरा बांधतो, रात्रभर भजन आणि दुसऱ्या दिवशी गोपालकाला करून शिरवतो. इथंही रात्रीचा जन्म, गाई आणि गुराखी. दोन्हींचं मूळ एक आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण गुरांच्या कोठ्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना देव तिथं भेटावासा वाटतो, एवढं दिसतं.

दुसरं साम्य जास्त नवलाचं. माल्टा बेटावर नाताळच्या काही आठवडे आधी कापसावर बी पेरून ते अंधारात ठेवतात. उजेड न मिळाल्याने कोंब पांढरे, लांब येतात. ते येशूबाळाजवळ मांडतात, त्याला तिथं गुलबिएना म्हणतात. गोव्यातही गोठ्यासाठी नाचणी रुजवतात. आपली भुजली आठवा. नागपंचमीच्या सुमारास टोपलीत गहू पेरायचा, अंधारात ठेवायचा, पिवळे कोंब राखीच्या दुसऱ्या दिवशी शिरवायचे. हजारो कोस दूरच्या बेटावरची बाई आणि लांजीची बाई, दोघी एकच काम करतात. बी अंधारातही रुजतं, हे दोघींना ठाऊक आहे.

वसईत फिरताना एक चांगलं वाटलं आणि एक टोचलं. चांगलं हे की तिथं लहान पोरं गोठा हातानं बांधतात, पेंढा आणतात, विहीर करतात. ती विहीर आणि तो रहाट आता वाडीत क्वचितच चालतो, पण गोठ्यात शिल्लक आहे. गावाचा इतिहास असा पोरांच्या हातून जपला जातो. टोचलं ते आपल्याबद्दल. साच्यातल्या प्लास्टरच्या मूर्ती सर्रास मिळू लागल्यावर हातानं घडवलेला मातीचा कान्होबा किती घरी उरेल?

मंडळाला माझी सूचना साधी आहे. येत्या जन्माष्टमीला लांजी आणि आसपासच्या गावांत दोन-दोन जणांनी घरोघरी जावं. कान्होबा कुणी घडवला, माती कुठली, फुलोऱ्यात काय बांधलं, कोणती भजनं झाली, हे विचारून लिहून घ्यावं, परवानगीने फोटो काढावे. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा, त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. किल्ल्याचे दगड आणखी शंभर वर्षं थांबतील. मातीचा कान्होबा दुसऱ्याच दिवशी पाण्यात जातो.