पाणी कुठवर आलंय?

जुलैत चार दिवस पावसानं धार धरली की कोल्हापुरात खुशाली विचारायच्या आधी एक प्रश्न येतो: पाणी कुठवर आलंय? उत्तर दोन तऱ्हांनी मिळतं. एक आकड्यात: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट, अमुक इंच. दुसरं ठिकाणांत: गायकवाड वाड्यापाशी आलंय, जामदार क्लबपाशी पोचलं, सुतारवाड्यात शिरलं. सुतारवाड्यातली माणसं बोचकी बांधून निघाली म्हटल्यावर फूट-इंच विचारायची गरज उरत नाही.

शहराची वाढ पेलण्याजोगी आहे की नाही, हे मोजायला जगात हल्ली पुष्कळ मापं निघाली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. त्यांतलं एक माप असं: माणसं ज्या वेगानं वाढतात, त्या मानानं शहर जमीन किती वेगानं खातं. सरकारी हद्द धरून हे कोल्हापूरला लावलं तर गंमतच होते. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली. हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. त्यानंतर हद्दवाढीसाठी मोर्चे निघाले, हद्दवाढीविरुद्ध गावं बंद राहिली, २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण झालं. हद्द मात्र तसूभर हलली नाही. म्हणजे कागदावर या शहरानं अर्ध्या शतकात एक गुंठाही गिळलेला नाही! प्रत्यक्षात शेजारची पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव ही गावं कुठं सुरू होतात हे घरफाळ्याच्या पावतीवाचून सांगता येणार नाही. म्हणून मला नदीचं माप जास्त भरवशाचं वाटतं. ते हद्द मानत नाही.

हे माप जुनं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथं सातवाहनकाळातली वस्ती निघाली. याच टेकाडावर सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमशी व्यापार करणाऱ्या त्या लोकांनी काठ सोडला नाही, पण उंचवटा धरला. नंतर ज्यांनी घाटावर देवळं बांधली, त्यांनी उलटा विचार केला: ही बुडणारच, तर बुडू द्यावीत. दरवर्षी ती दगडी देवळं पाण्याखाली जातात आणि पाणी उतरलं की पुन्हा उभी दिसतात.

नदीकाठापासून आत आणखी एक सोय होती, तळ्यांची. आज कपिलतीर्थावर भाजी मंडई आहे, वरुणतीर्थावर गांधी मैदान, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी साचतं आणि आपण त्याला ‘मैदानाची दुरवस्था’ म्हणतो. तळं बिचारं आपल्या जागी परत येतं, इतकंच.

१८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, चार वर्षांनी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, आणि शहराचं तोंड नदीकडून स्टेशनकडे वळलं. नदीपासून लांब गेलो, असं वाटलं असणार. पण मध्ये जयंती नाला होता. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही. ते मागे तुंबतं आणि शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या तयार मूर्ती पाण्यात विरघळल्या त्या अशाच. नदी काही हातभर अंतरावर नव्हती.

फुटांची भाषा बंधाऱ्यानं आणली. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा ‘कोल्हापूर पद्धतीचा’, म्हणजे पावसाळ्याआधी फळ्या काढायच्या आणि पावसाळा सरला की पुन्हा घालायच्या. तो बांधला पाणी अडवण्यासाठी, पण शहराच्या कानात बसले त्याच्यावरचे दोन आकडे: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका.

हे माप जमिनीवर आलं ते पूररेषेनं. १९८९ मध्ये पाटबंधारे खात्यानं परिपत्रक काढून राज्यभरासाठी व्याख्या ठरवली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नको, निळी-लालच्या मध्ये जपून. कल्पना साधी नि चोख. घोळ ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांत आहे. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. लोक मात्र समजतात की एकदा येऊन गेला, आता नातवाच्या काळापर्यंत चिंता नाही. २०१९ ला बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. २०२१ ला ५६ च्या.

२०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे समितीनं पुराची जी कारणं मांडली, त्यांत पूरक्षेत्रातली अतिक्रमणंही होती. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात निळ्या आणि लाल रेषांमधल्या बांधकामाला वाट आहे: जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर घ्या. घर त्यानं वाचतं, यात शंका नाही. पण जोतं उंच करायला भर टाकावी लागते, आणि जिथं मुरूम पडला तिथं पसरणारं पाणी शेजारच्या जुन्या, बसक्या घरात जातं. एका प्लॉटचा हिशेब जुळतो, गल्लीचा बिघडतो. नियम प्लॉटचा आहे. गल्लीचं माप त्यात कुठं येत नाही.

शहराच्या वरच्या अंगाला, नद्यांच्या संगमावर प्रयाग चिखली आहे. १९८९ च्या पुरानंतर तिथल्या लोकांना सोनतळीला उंचावर प्लॉट दिले. पण शेत, गोठा, म्हैस, सगळं खालीच. त्यामुळं जुनं गाव कधी सुटलं नाही. तिथं पाणी कुठवर आलंय असं विचारत बसत नाहीत, उशीर होतो. तिथला प्रश्न वेगळा असतो: राधानगरी धरणाच्या सात दारांपैकी किती उघडली? उत्तर आलं की दावी सोडायची.