मुखवट्यामागचा माणूस : धाराशिव जिल्ह्यातील रहस्यवेडाचा इतिहास

अमेरिकेतील व्यापारी दूरचित्रवाणी वाहिन्यांनी १९६० च्या दशकात शनिवारची सकाळ मुलांच्या व्यंगचित्रमालिकांसाठी राखून ठेवली, कारण त्या वेळी मोठी माणसे साखरझोपेत असत आणि पडद्यासमोर बसलेल्या मुलांना न्याहारीचे पदार्थ व खेळणी यांच्या जाहिराती दाखवणे फायद्याचे होते. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या १९६८ मधील हत्यांनंतर मुलांच्या कार्यक्रमांतील मारामारीविरुद्ध पालकांच्या संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा वाहिन्यांना हिंसा टाळूनही उत्कंठा टिकवणारा प्रकार शोधावा लागला, आणि १३ सप्टेंबर १९६९ रोजी सीबीएस वाहिनीवर हॅना-बार्बेरा या संस्थेची 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' ही मालिका सुरू झाली. जो रूबी व केन स्पीअर्स यांनी रचलेल्या या मालिकेत चार तरुण आणि एक भित्रा कुत्रा एखाद्या झपाटलेल्या वाड्यात किंवा ओसाड खाणीत शिरतात, भुताला सापळ्यात पकडतात, आणि शेवटी त्याच्या तोंडावरचा मुखवटा ओढताच आत गावातलाच कोणी लोभी माणूस निघतो. हा प्रकार इतका चालला की पुढच्या दशकात त्याच साच्यातून 'फंकी फँटम', 'स्पीड बगी', 'जॅबरजॉ', 'क्लू क्लब' अशा मालिका एकामागून एक निघाल्या. त्यांतील बहुतेकींची कथा एकच होती आणि फक्त कुत्र्याच्या जागी कधी मोटार तर कधी शार्क मासा आला होता.

या चित्रमालिका धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या गेलेल्या मराठवाड्यातील जिल्ह्यात, फार उशिरा पोहोचल्या. तरीही नव्वदीत वाढलेल्या पिढीत त्यांच्याविषयी जो जिव्हाळा आढळतो त्याचे मूळ केवळ उपग्रह वाहिन्यांत शोधणे अपुरे ठरेल, कारण भूत खरे की त्यामागे माणूस आहे, हा या मालिकांचा एकमेव प्रश्न जिल्ह्यातील घराघरांत आधीपासूनच विचारला जात होता आणि त्याची उत्तरे देणारी पुस्तकेही येथे येऊन पोहोचली होती.

गुन्हा आणि सोंग यांवरील वाङ्मयाशी या भूमीचा संबंध तर एकोणिसाव्या शतकाइतका जुना आहे. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध करणारा फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी, १८५३ मध्ये निजामाकडून नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आल्यावर, या जिल्ह्याचा कारभारी म्हणून नेमला गेला आणि १८५७ पर्यंत येथे राहिला. पुढे १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. वाटसरूंच्या सोबतीला सज्जन प्रवाशाच्या वेषात येऊन त्यांचे गळे आवळणाऱ्या ठगांची ती कथा टेलर जिल्ह्यात येण्यापूर्वीच लिहिली गेली होती, परंतु त्याची १८६३ मधील 'तारा' ही कादंबरी मात्र थेट तुळजापुरात सुरू होते. टेलरच्या पुस्तकांचा वाचक इंग्लंडात होता आणि नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहालाखालून जाणाऱ्या येथल्या शेतकऱ्याला त्यांचा पत्ताही नव्हता, म्हणून या योगायोगाला परंपरा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मुखवट्याआडच्या माणसाची गोष्ट या जिल्ह्याला परकी नव्हती, एवढाच अर्थ त्यातून काढता येतो.

मराठी वाचकापर्यंत रहस्यकथा, म्हणजे गुन्ह्याचा उलगडा शेवटपर्यंत लांबवणारी कथा, खऱ्या अर्थाने पोहोचवली ती बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव, आणि त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे जाते. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही त्यांची पात्रे पांढरपेशा घरांत नाक मुरडण्याचा विषय असली, तरी अक्षरओळख नुकतीच पक्की झालेल्या वाचकाला एका बैठकीत पुस्तक संपवण्याची सवय त्यांनीच लावली, ही गोष्ट समीक्षकांनी पुरेशा मोकळेपणाने मान्य केलेली नाही. धाराशिवच्या संदर्भात तिचे महत्त्व अधिक आहे, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेथे माध्यमिक शिक्षणाची व सरकारदरबारची भाषा उर्दू होती, आणि मराठी वाचनाची गोडी लागण्यासाठी शाळेबाहेरच्या पुस्तकांवरच विसंबावे लागे. संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिल्यानंतर हे चित्र पालटले. पुणे-मुंबईत छापलेली पुस्तके सोलापूर व बार्शीच्या बाजारातून एसटीने येत, किंवा मिरज-लातूर या अरुंद लोहमार्गावरील तेर, ढोकी, येडशी अशा स्थानकांवर उतरत. त्या मार्गाने उस्मानाबाद शहराला मात्र वळसा घातला होता आणि तेथे रेल्वे आली ती एकविसाव्या शतकात, रुंदीकरणाच्या वेळी.

मुलांपर्यंत रहस्यकथा पोहोचवण्याचे काम भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी केले. त्यांचा बनेश फेणे, म्हणजे सर्वांचा 'फास्टर फेणे', पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेत शिकणारा, हडकुळा, सायकलवर भन्नाट सुटणारा आणि तोंडाने 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा मुलगा आहे. फेणेच्या सुमारे वीस पुस्तकांची अमेरिकी चित्रमालिकांशी तुलना केली तर फेणेचे पारडे जड ठरते. स्कूबीच्या टोळीला घर, अभ्यास, पैसा, आईवडील यांपैकी कशाचीच अडचण नसते आणि रंगीत गाडीचे पेट्रोल कधी संपत नाही. फेणेला मात्र शाळा बुडते, मार बसतो, वाहन म्हणजे सायकल, आणि त्याचे शत्रू मुखवटा न घालताही भीतिदायक असतात. ग्रामीण शाळेतील मुलाला फुरसुंगी हे आपल्यासारखेच एक गाव आहे हे चटकन कळत असे, आणि हा लाभ कोणत्याही परदेशी मालिकेला मिळण्यासारखा नव्हता.

दूरचित्रवाणीचा जिल्ह्यातील प्रवेश टप्प्याटप्प्याने झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याच्या लहरी मराठवाड्यापर्यंत येत नव्हत्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग केला. त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, मात्र कर्नाटकातून निवडलेल्या जिल्ह्यांत गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) होता, त्यामुळे उमरगा तालुक्याच्या सीमेपलीकडच्या जिल्ह्यातील काही गावांना जे दिसले ते अलीकडच्यांना दिसले नाही. इन्सॅट-१ बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये सोडल्यानंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपक, म्हणजे दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून घेऊन आसपासच्या काही किलोमीटर परिसरात पुन्हा सोडणारी छोटी केंद्रे, झपाट्याने उभी राहिली आणि जिल्ह्यातील पत्र्याच्या व माळवदाच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे ॲन्टेना दिसू लागले. एकाने वर चढून ॲन्टेना हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने अंगणातून आणि तिसऱ्याने आतून 'आलं, आलं, गेलं' असे ओरडायचे, आणि पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की वरच्याने हात काढताच चित्र पुन्हा जायचे, हा विधी कार्यक्रमाइतकाच त्या पिढीच्या स्मरणात आहे. वीज गेल्यास ट्रॅक्टरची बॅटरी काढून कृष्णधवल संच चालवणे हाही त्याचाच भाग होता.

शनिवार सकाळचे अमेरिकी गणित येथे लागू पडणे शक्यच नव्हते, कारण महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळा शनिवारी सकाळी भरतात आणि कार्टूनची अमेरिकी वेळ ही येथल्या मुलांची कवायतीची वेळ असते. मुलांचा पडदा रविवारचा होता. 'रामायण' (१९८७–८८) आणि 'महाभारत' (१९८८–९०) यांनी रविवारी सकाळी संच असलेल्या घरासमोर चपलांचा ढीग लावण्याची रीत पाडली, आणि नव्वदीच्या पूर्वार्धात त्याच सकाळी जपानी बनावटीचे 'जंगल बुक', तसेच डिस्नेच्या 'डक टेल्स' व 'टेल स्पिन' या मालिका हिंदीतून आल्या. रहस्याची तहान मात्र माणसांच्या मालिका भागवत असत : १९८५ ची 'करमचंद', १९९३ ची 'ब्योमकेश बक्शी', आणि फेणेवरची मराठी मालिका, जिच्यात सुमीत राघवन याने बनेशची भूमिका केली होती. कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात १९९५ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ती इंग्रजीत होती आणि रात्री तिच्याच जागी जुने इंग्रजी चित्रपट लागत. केबलचालकांनी ती तालुक्याच्या गावांपर्यंत नेली तेव्हा स्कूबीची मूळ मालिका पंचवीस वर्षांची झालेली होती, आणि दशकाच्या अखेरीस हिंदी ध्वनिमुद्रण आल्यावरच ती खऱ्या अर्थाने समजू लागली. त्यापूर्वीच्या काळात संवाद न कळताही मुले ती पाहत, कारण धावपळीची चित्रे आणि अखेरचा मुखवटा यांना भाषेची गरज नव्हती. पुढील दशकातील दीर्घ भारनियमनाने ऐन उलगड्याच्या क्षणी वीज जाण्याचा अनुभवही याच प्रेक्षकांना दिला.

या आवडीचा सर्वांत खोल धागा भानामतीशी जुळतो. घरावर अचानक दगड पडणे, वाळत घातलेल्या कपड्यांना आपोआप आग लागणे, कपड्यांवर व अंगावर फुल्या उमटणे, अन्नात घाण सापडणे अशा घटनांच्या मालिकेला मराठवाड्यात भानामती म्हणतात, आणि कोणी तरी करणी केली या संशयातून भावकीत वैर उभे राहते. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गी पट्ट्यातही हाच समज 'बाणामती' या नावाने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरी जाऊन माणसांशी स्वतंत्रपणे बोलत, कोणती घटना कोणाच्या उपस्थितीत घडते याची नोंद करत आणि संशयाचे वर्तुळ लहान करत नेत. ही पद्धत कोणत्याही गुप्तहेराला शोभणारी आहे. शाळांमध्ये ते चमत्कारांचे प्रात्यक्षिक दाखवत. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड लपवलेली असते, मंत्र पुटपुटत तिच्यावर तूप म्हणून ग्लिसरीन सोडले जाते, काही क्षण काहीच घडत नाही, मग धुराची रेघ निघते आणि शेंडी भडकते. त्यानंतर दोन्ही बाटल्या मुलांच्या हाती देऊन कृती समजावली जाते. रविवारी पडद्यावर पाहिलेला उलगडा सोमवारी वर्गात असा हाताला लागत असे.

तथापि पडदा आणि घर यांत एक मोठा फरक आहे. स्कूबीच्या कथेत मुखवट्याआडचा माणूस बाहेरचा, लोभी आणि शिक्षेस पात्र असतो, त्याला पोलिसांच्या हवाली केले की गाडी पुढे निघते. भानामतीमागे सापडणारी व्यक्ती बहुधा घरातलीच, मनाने कोंडलेली असते : सासुरवासाला कंटाळलेली सून, अभ्यासाच्या धाकाने घाबरलेला मुलगा, कोणी तरी आपल्याकडे पाहावे म्हणून आसुसलेली मुलगी. म्हणूनच समितीने अशा व्यक्तीचे नाव चारचौघांत उघड न करण्याचे आणि तिला मानसोपचाराकडे नेण्याचे धोरण ठेवले. रहस्य सोडवणाऱ्याने मुखवटा काढावा, पण तो माणसाला उघडे न पाडता, हे शहाणपण हॅना-बार्बेराला सुचले नव्हते. दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्याच वर्षी नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम महाराष्ट्रात संमत झाला.

अमेरिकेत शनिवारच्या कार्टूनची प्रथा केबल वाहिन्या आणि शैक्षणिक कार्यक्रमांच्या सक्तीमुळे ओसरत गेली व २०१४ मध्ये राष्ट्रीय प्रसारणातून जवळपास संपली. स्वतः स्कूबीनेही मूळ बाणा सोडला. १९८५ च्या मालिकेत आणि १९९८ च्या 'झोम्बी आयलंड' या चित्रपटात भुते खरीच निघाली, आणि जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांना हा विश्वासघात वाटला तो योग्यच म्हटला पाहिजे, कारण भूत खरे ठरले की शोधणाऱ्याला कामच उरत नाही. फेणेवर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी चित्रपट केला, अमेय वाघ त्यात मोठा झालेला फेणे झाला, आणि शेजारच्या लातूरचे रितेश देशमुख त्याच्या निर्मात्यांत होते.

या सर्व आवडीची लेखी साधने मात्र विस्कळीत आहेत. जिल्ह्याचे गॅझेटियर १९७२ मध्ये, म्हणजे मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाल्याने त्यात मुलांच्या पडद्याविषयी काही असण्याचा प्रश्नच नव्हता. नव्या आवृत्तीचे काम होईल तेव्हा करमणुकीच्या इतिहासालाही त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावे, आणि तोपर्यंत तुळजापूर, उमरगा, परंडा, कळंब, भूम येथील जुन्या वाचनालयांनी आपल्या देवघेवीच्या नोंदवह्या रद्दीत घालू नयेत. अर्नाळकर आणि फेणे कोणत्या वर्षी किती हातांतून फिरले, हे सांगणारा दुसरा पुरावा सहजी मिळणार नाही.