बी, ओल आणि उधारी

बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीत बरीच वर्षं एक छोटं पाकीट वेगळं यायचं. मोठ्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बी आणि छोट्यात १२० ग्रॅम साधं, अळीला मारणारं विष तयार करणारं बीटी जनुक नसलेलं. हे साधं बी शेताच्या कडेनं लावायचं. त्यावर काही बोंडअळ्या विषाशी गाठ न पडता वाढतील, विष पचवणाऱ्या थोड्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांची जोडी जमेल आणि जनुकाची धार लवकर बोथट होणार नाही, असा त्यामागचा हिशोब. शास्त्रज्ञ त्याला आश्रय पीक म्हणत, शेतकरी ‘रेफ्युजी’. ही पाकिटं फारच थोड्यांनी लावली. चार एकरांच्या धन्यानं त्यातला तुकडा अळीला आंदण का द्यावा, हे त्याला पटेल अशा भाषेत कोणी सांगितलं नाही. शिवाय त्यातलं बी बऱ्याचदा धड उगवतही नसे. पाकीट घराच्या कोपऱ्यात पडून राही. पुढे साधं बी मोठ्या पाकिटातच मिसळून द्यायला सुरुवात झाली, पण तोवर अळीनं आपलं काम करून घेतलं होतं.

बियाणं, पाणी आणि कर्ज एकत्र पाहणारं हे पुस्तक ज्या अभ्यासक्षेत्राचं आहे, त्यात नव्यानं येणाऱ्याला मी त्या पाकिटापासून सुरुवात करायला सांगतो. कीटकशास्त्र, जमिनीचा आकार, कंपनीचा करार, कृषी केंद्रातली उधारी हे सगळं त्या १२० ग्रॅमात आहे. विद्यापीठात मात्र बियाणं एका विभागात, पाणी दुसऱ्यात आणि कर्ज तिसऱ्यात शिकवलं जातं, आणि तिघांची गाठ पडते ती शेतकऱ्याच्या घरी.

जुना इतिहास थोडक्यात. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडाला भाव आला. १८७० पर्यंत आगगाडी खामगावात पोचली होती. पुढे भाव उतरले, पण बाजाराशी पडलेली गाठ सुटली नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी कर्ज, सरकारी नोकरशाही आणि पाणी हे विषय एकाच दमात मांडले. पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे बांधा, हा त्यांचा आग्रह आज वाचताना कोणाला शिळा वाटणार नाही. आपल्या क्षेत्राचा पहिला पाठ्यग्रंथ मी तोच मानतो. तो अभ्यासक्रमात नसतो ही गोष्ट वेगळी.

आता मुख्य प्रश्न. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्याआधीच, २००१ साली, गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस उभा असल्याचं उघड झालं होतं. म्हणजे कायदा पोचण्याआधी बी पोचलं होतं. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला कापूस जाहीरपणे लावला तेव्हा हेच चित्र पुन्हा दिसलं. त्या बियाण्याला गावात ‘चोर बीटी’ म्हणतात. या नावात तक्रार कमी आणि कौतुक जास्त आहे, हे शहरी वाचकानं ध्यानात घ्यावं.

बीटीनं शेतकऱ्याचं भलं केलं की वाटोळं, या वादात दोन्हीकडे ताकदीचे अभ्यासक आहेत. कृषी अर्थशास्त्रज्ञ काथागे आणि काईम यांनी २००२ ते २००८ या काळातल्या पाहणीवरून २०१२ साली मांडलं की एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी आणि नफा ५० टक्क्यांनी वाढला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानवशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये दोन दशकांचे आकडे तपासले. वाढीचं मोठं श्रेय खतं, नवी कीटकनाशकं आणि सिंचनाकडे जातं आणि फवारणीचा खर्च पुन्हा पूर्वीच्या वर गेला आहे, असा त्यांचा निष्कर्ष. नवख्या वाचकाला वाटतं, यातला एक खोटा असणार. तसं नाही. पहिल्यांनी सुरुवातीची वर्षं पाहिली, दुसऱ्यांनी पुढचीही.

दोन्ही बाजूंच्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडते. ते जनुक आपल्याकडे कोणत्या अंगात आलं? संकरित वाणाच्या. १९७० साली सुरतेला ‘एच-४’ निघाला तेव्हापासून आपण संकरित कापसाच्या वाटेवर आहोत, आणि आपल्याइतका संकरित कापूस जगात कोणी लावत नाही. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. ते महाग, म्हणून विरळ लावायचं. झाड मोठं होतं, बोंडं टप्प्याटप्प्यानं धरतात, हंगाम लांबतो. आणि महाराष्ट्राचा बहुतेक कापूस कोरडवाहू. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो, हलक्या जमिनीतली ओल महिन्याभरात सरते आणि नेमक्या त्याच वेळी पऱ्हाटीला बोंडं भरायला पाणी हवं असतं. जनुक अळीला मारील, ओल कुठून आणील? ओलिताच्या शेतात जो वाण सोनं देतो तोच मुरमाड रानात उधारी वाढवतो. बियाण्याचा वाद म्हणून जो आपण वीस वर्षं घातला, तो बऱ्याच अंशी पाण्याचा वाद होता, असं माझं मत आहे. या पुस्तकातल्या सगळ्या लेखकांना ते मान्य नाही.

याच धाग्याचं दुसरं टोक गुलाबी बोंडअळी. २०१० मध्ये गुजरातेत तिनं पहिल्या जनुकाला दाद न दिल्याचं जाहीर झालं. २०१७ मध्ये दोन जनुकं घातलेल्या नव्या कपाशीवरही तिनं विदर्भ-मराठवाड्यात धुमाकूळ घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. ही अळी जवळजवळ कापसावरच जगते. डिसेंबरात पीक काढून टाकलं तर तिची साखळी तुटते. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो पाण्याच्या दोन पाळ्या देऊन फरदड घेतो, म्हणजे तेच पीक राखून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस वेचतो. त्याचा त्यात दोष नाही, हातात चार पैसे येतात. अळी मात्र त्या फरदडीवर तगते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या कोरडवाहू शेतात उतरते. पाण्याची विषमता पतंगाच्या पंखांवरून बांध ओलांडते, हे मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

जगाच्या पाण्याची चर्चा इथे का आणायची? कारण शेतातली ओल तिथल्या हिशोबातही बसत नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी हा मानवी हक्क मानला. ठराव बोलिव्हियानं मांडला होता. १२२ देश बाजूनं, विरोधात कोणी नाही, ४१ तटस्थ. भारत बाजूनं होता. पण तो हक्क पिण्याच्या पाण्याचा आणि स्वच्छतेचा. जगात माणूस नद्या-विहिरींतून जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं, आणि त्याच्या वाटपाबद्दल ठराव गप्प आहे. त्याहून मोठी उणीव स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्कनमार्क यांनी १९९० च्या दशकात दाखवली. नद्या, धरणं, विहिरींतलं पाणी ‘निळं’, मातीत मुरून पिकाच्या मुळांना मिळणारं ‘हिरवं’. जगाचे हिशोब निळ्या पाण्याचे. हिरव्याला नळ नाही, मीटर नाही, म्हणून मंत्रीही नाही. आपल्या शेतकऱ्याकडे त्यासाठी केव्हापासून ‘ओल’ हा शब्द आहे.

निळ्या पाण्याचा लोभ कुठवर नेतो हे पाहायला मध्य आशियात जावं. कापसासाठी अमू आणि सीर दर्या या नद्या वळवल्या आणि अरल समुद्राच्या बहुतेक भागात मिठाचं वाळवंट उरलं. उलट टोकाचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर मोजायचं नाही, घरातल्या डोक्यांवर मोजायचं. भूमिहीनालाही वाटा, ऊस वर्ज्य. जगभरच्या पाणी-साहित्यात याच्या तोडीची कल्पना मी क्वचित पाहिली. ती फार पसरली नाही, आणि का पसरली नाही यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो. घ्या कोणीतरी.

शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांविषयी एक सावधगिरी. टाटा समाजविज्ञान संस्था आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांचे २००५-०६ चे अहवाल आधी वाचा, मग सरकारी यादीतले ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे रकाने पाहा. मदतीसाठी जमीन नावावर हवी, कर्ज नोंदलेलं हवं. ठोक्यानं कसणारा, सावकाराकडून तोंडी पैसे घेतलेला, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई ही माणसं त्या गाळणीत अडकतात. बीटीचा आलेख आणि आत्महत्यांचा आलेख शेजारी ठेवून कार्यकारणभाव काढणारे लेख दोन्ही छावण्यांत आहेत. त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

आणि शिवारात जायचं ते नोव्हेंबरात जा. जूनमध्ये सगळेच आशेवर असतात. एखादं हिरवं बोंड हातात घ्या. गुलाबी अळी लहानपणीच आत शिरते आणि मागचं छिद्र बुजतं, त्यामुळे बोंड बाहेरून निरोगी दिसतं. ते फोडून बघा. मग जमिनीत काडी खोचून ओल किती खोल आहे ते पाहा, आणि शेजारच्या विहिरीवर मोटार चालू आहे का, तेही ऐका.